तपासनीस

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये सव्वीस वर्षं
मी नोटा तपासल्या.
शाई सरकलेली, अंक फिकट, कडेला सुरकुती.
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना नंतर:
ही ठेवायची, ही काढायची.

चारूचं मात्र मला कळलं नाही.
आधी तिनं चहात मीठ घातलं
नि मला पगारेकाका म्हणाली.
मग तीन रात्री झोप नाही,
भिंतीशी बोलणं, मध्येच हसू.
हिच्या आईनं दृष्ट काढली.
मी म्हणालो, परीक्षेचा ताण.

चौथ्या दिवशी बिटको चौकात
रिक्षातून उतरता उतरता कोसळली.
दातखीळ. डावा हात झटके देत राहिला.
कुणी चप्पल हुंगवली,
कुणी फोडलेला कांदा नाकाशी धरला
(आमच्याकडे कांद्याला काय तोटा).
एक भाजीवाली तेवढी ओरडली,
कुशीवर करा पोरीला, तोंडात काही घालू नका.
तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

डॉक्टर बागुलांनी केसपेपरच्या पाठीवर वर्तुळ काढलं.
अ‍ॅलर्जी म्हणा हवं तर, म्हणाले, पण अगदी तशी नव्हे.
शिंक येते ती बाहेरच्या धुळीवर चिडून.
इथं शरीराचे पहारेकरी
आपल्याच मेंदूवर चिडलेत.
आंबलेलं पीठ डब्याचं झाकण उचलतं,
कवटीला झाकण नसतं.
सूज जाणार कुठं?
आत दाटी होते, चिडलेल्या पेशी
एकाच वेळी बोलायला लागतात.
फिट म्हणजे तेवढंच.

तेवढंच.
मी वर्तुळाकडे बघत राहिलो.
म्हणजे तपासनीसच चुकला.
खरी नोट खोटी ठरवली त्यानं,
मग पुढचा गठ्ठा, त्याच्या पुढचा,
माझ्या लेकीच्या डोक्यात
रात्रपाळीला, एकटाच, इमानदारीनं.

स्टेरॉइडनं पहारेकरी पेंगले.
अकराव्या दिवशी तिनं मला पप्पा म्हटलं
आणि लगेच, माझं चार्जर कुठंय?

आता चेहरा गोल झालाय. आरशावर ओढणी टाकते.
ते दहा दिवस तिच्याकडे नाहीत.
माझ्याकडे आहेत, रबर लावून ठेवलेले.
परवा विचारलं तिनं,
चुकून बाद केलेली नोट परत येते का हो?
आमच्याकडे नाही, म्हणालो,
नि पंख्याचं बटण उगाच खालीवर केलं.

रात्री गोळी घेण्याआधी
ती ट्यूबलाइटकडे धरते,
दोन्ही बाजूंनी बघते, अंगठ्यानं कड चाचपते.
मग गिळते.