शेंगा नाहीत यात

पहाटे साडेचार. साखर पेठेतले माग अजून गप्प.
तीन दिवस भिजलेल्या ज्वारीचं पाणी मोरीत ओतते
आणि आंबूस वास चादरींच्या घड्यांत जाऊन बसतो.
मिक्सरचं हे भांडं वेगळं, कानाला लाल दोरा बांधलेलं.
चुकून कुणी हात लावला तर
मी ज्या आवाजात ओरडते
तो आवाज लग्नाआधी माझ्यापाशी नव्हता.

रेवण तीन वर्षांचा असताना
एका बारशात कुणी प्रेमानं लाडू भरवला,
सुपारीएवढा.
ओठ टम्म. मग डोळे. मग श्वासाची शिट्टी.
रिक्षावाल्यानं सिव्हिलपर्यंत एक सिग्नल पाहिला नाही
आणि पैसे घेतले नाहीत.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं ते वाचून
मला हसू आलं. खरंच आलं.
शेंगा नाही? सोलापुरात?
वांग्यात कूट, भाकरीवर चटणी, उपासाला आमटी,
तळणीला तेल तेच,
पाहुणा निघाला की त्याच्या पिशवीत पुडा तोच.
आणि ह्यांची नोकरी चटणीच्या डंकावर.

हे रात्री येतात ते दाराबाहेरच थांबतात.
सदरा बादलीत. नळाखाली दोनदा साबण,
नखं ब्रशनं.
रेवण उंबऱ्याच्या आत उभा राहून आकडे मोजतो,
शंभर झाले की पळत सुटायचं असं ठरलंय.
ऐंशीनंतर तो बरेच आकडे गिळतो.

चीक शिजताना हात थांबवायचा नाही,
थांबला की गाठी.
जिरं, मीठ, चिमूटभर हिंग. तीळ सध्या नको म्हणालेत.
गच्चीवर कागद अंथरून पळीनं एकेक पापडी सोडते:
पहिली गोल, दहावी भोपळ्यासारखी,
पुढं पुढं उन्हाच्या चटक्यानं कशीही.
नऊला पाय ठेववत नाही इतकी फरशी तापते.
शेजारी मुगाचे सांडगे, बिटाच्या चकत्या,
आणि चिकूच्या फोडी, ज्या वाळून
जुन्या चपलेच्या तुकड्यासारख्या दिसतात
आणि त्याला सगळ्यात आवडतात.
तळायला करडईचं तेल. घाण्यावर उभी राहून काढून आणलेलं,
आधी कशाचा घाणा होता ते तीनदा विचारून.
घाणेवाला मला लांबून पाहिलं की
आपणहूनच सांगायला लागतो.

चिलवेरी काकूंची गच्ची आमच्या गच्चीला लागून.
गेल्या साली त्यांनी पोतंभर शेंगा वाळत घातल्या होत्या.
वारा तिकडून इकडे.
मी काही बोलले नाही, फक्त माझा कागद गुंडाळला.
दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यांची गच्ची धुतलेली,
कोपऱ्यात खराटा, शेंगांचं टरफलसुद्धा नाही.
त्यांनी विषय काढला नाही. मीही नाही.
पापड्यांचा एक डबा नेऊन दिला,
त्यांनी तेलुगूत काहीतरी म्हटलं,
मी मराठीत हो म्हटलं.

शाळेत वाढदिवसाचं चॉकलेट वाटतात
तेव्हा हा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहतो,
असं बाईंनी सांगितलं, कौतुकानं.
त्या रात्री मला झोप लागली नाही.

आज राखणीला तोच बसलाय,
डोक्यावर ओला टॉवेल, हातात वेताची काठी,
वय वर्षं सहा.
मी जिन्यात, उलथनं घेऊन, सावलीत.
कठड्यावर एक कावळा, मान तिरकी करून.
काठी उचलली जाईल असं वाटलं.
उचलली नाही.
कडेची एक अर्धी वाळलेली पापडी त्यानं सोलून घेतली,
उलटी करून पाहिली, हुंगली,
घरात प्रत्येक घासाआधी मी करते तसं, अगदी तसंच,
आणि कठड्यावर ठेवून दोन पावलं मागं सरकला.
"घे बे," म्हणाला,
"शेंगा नाहीत यात."