एक घनमीटर

ओफेलियाबाईंच्या बैठकीच्या खोलीत
मी फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीनं चौकोन आखला.
मीटरभर लांब, मीटरभर रुंद.
"आणि उंची?"
मी तळहात बरगड्यांपाशी आडवा धरला.
"एवढंच?"
"लेकीनं एवढ्याचेच पैसे भरलेत, बाई."

त्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या,
अनोळखी नदीत पाय टाकून
तळ लागतो का बघावं तशा.

मोन्तेविदेओच्या बंदरामागच्या गल्लीत
सव्वीस वर्षं मी लोकांची घरं खोक्यांत भरतोय.
नाव वॉशिंग्टन. आमच्याकडे असतात असली नावं.
खुद्द मी मात्र पलीकडच्या ब्युनोस आयर्सलासुद्धा
दोनदाच गेलोय, तेही दात काढायला.
सगळ्यांना तेच सांगतो:
जहाज वजनाचं फारसं विचारत नाही, जागेचं विचारतं.
म्हणून पुस्तकं स्वस्तात जातात
आणि उशी महाग पडते.

बाईंनी उशी ठेवून दिली.
शिवणयंत्राचं डोकं घेतलं, पाय सोडले.
कपबश्या घेतल्या; त्यातल्या तीन कपांना कान नव्हते,
मी काही बोललो नाही.
फॉर्मवर रकाना होता: वापरलेल्या वस्तू, बाजारभाव.
"शून्य मांडा," मी म्हटलं, "जकात वाचते."
त्यांनी इतक्या सावकाश तो गोल काढला
की शाई कागदाच्या मागे उतरली.

मग अनिबालचे बूट आले.

ॲडलेडला माती चालत नाही.
बी चालत नाही, पीस चालत नाही,
झाडाची साल, वाळलेलं पान,
तिथे माणसं टॉर्च घेऊनच बसलेली असतात.
आणि या बुटांच्या तळाला, खाचाखाचांत,
कानेलोनेसच्या मळ्यातली काळी माती,
शेवटच्या कांदालावणीची.
चार वर्षं त्यांना कुणी पाणी लावलं नव्हतं.

मी दातांचा जुना ब्रश दिला.
त्यांनी केसातली पिन काढली.
मागच्या अंगणात उकिडव्या बसून
आधी टाच, मग चवडा,
कोरत राहिल्या
तान्ह्याची नखं काढताना धरतो तसा श्वास धरून.
घमेल्यातलं पाणी काळं झालं.
म्हटलं, शेजारच्या कुंडीत ओता.
म्हणाल्या, "शेजारीण कजाग आहे."
आणि मोरीतच ओतलं.

मातेचं भांडंही जाणार नव्हतं,
वाळका भोपळा, म्हणजे नियमानं वनस्पतीच.
त्यातच शेवटचं माते घेतलं आम्ही,
एकाच नळीनं, उष्टंमाष्टं न बघता.
मग भांडं त्यांनी माझ्या पिशवीत कोंबलं.
"यात दारू नको पिऊस," एवढं बजावलं.

गुरुवारी ट्रक दारात. बूट ओलेच.
उन्हात ठेवून झाले, कागद कोंबून झाले,
चुलीपाशी एक रात्र काढली त्यांनी,
आत बोट घातलं तर गार.
"ओलं घालता येत नाही. सत्तर दिवसांचा प्रवास,
बुरशी धरेल सगळ्या कपड्यांना."
खोक्यात त्यांच्या जागेचा खड्डा राहिला.
रिकामी जागा सामान फोडते,
आमच्या धंद्यातला हा पहिला धडा,
म्हणून मी वर्तमानपत्रं चुरगाळून तयार होतो.
बाई आत गेल्या
आणि ती उशी घेऊन आल्या.

मग खुर्चीत बसून
एकावर एक दोन जोड मोजे चढवले,
वर ते बूट, नंबर त्रेचाळीस,
नाड्या घोट्याभोवती दोनदा फिरवल्या.
"अंगावरचं मोजत नाहीत ना?"
"नाही मोजत."
"विमान रविवारी आहे. तोवर पायात वाळतील."

त्या दारापर्यंत चालून परत आल्या.
फरशीवर चप चप आवाज झाला.

ट्रकच्या बॉनेटवर कागद टेकवून
मी यादी काढली.
नग सदतीस: बूट, पुरुषाचे, एक जोड.
त्यावर एकच रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी,
आणि बाजूला लिहिलं: उशी. शून्य.