आत ओढलेला हो

‘एक वाजता तर सुटात,’ म्हणाला बाबल्या,
आणि मी कालावलच्या खाडीवर
सकाळी सातलाच हजर.

देसे गावात सूर्य वर आला की घड्याळ सुरू होतं.
सात म्हणजे एक. शाळेची घंटा दोनला.
पहिलं वर्षभर मी मनातल्या मनात
वजाबाक्या करत फिरलो.
दुसऱ्या वर्षी वाटलं, बरोबरच आहे की,
मध्यरात्री कुणाचा दिवस सुरू होतो?

हजेरीपटावर तिथे आडनाव नसतं.
आपलं नाव, मग बापाचं.
सदानंद भिकाजी.
‘चिंदरकर’ हा शब्द कारकुनाने दोनदा वाचला,
विचारलं, हा कोण, आजोबा?
म्हटलं, गाव.
त्याने खोडला.

तसा त्रास काही नव्हता.
इंजेरा पहिल्यांदा ताटात आला तेव्हा
मी मोठ्याने म्हणालो, आंबोळी!
परातीएवढी, गार, राखाडी.
आंबटपणा मात्र घरचा.
बुधवार-शुक्रवार त्यांचे उपास,
माझे सातही वार,
अडीच हजार मीटरवर बांगडा कोण आणून देणार?

घनतेचा धडा चालू होता.
तिगिस्तने विचारलं,
टीचर, समुद्राला वास असतो का?
मी खडू हातात घेऊन
तास संपेपर्यंत भलतंच काहीतरी शिकवलं.

आणि त्यांचा तो हो.
ओठ हलत नाहीत,
झपकन श्वास आत घेतात, की झाला हो.
आधी वाटायचं, पोरांच्या अंगावर पाल पडली.
मग कधीतरी
तो माझ्याच छातीत राहायला आला,
भाडं न ठरवता.

आता सुट्टीत आई विचारते, पेज वाढू?
मी श्वास आत ओढतो.
‘असो दचाकतंस कित्याक रे?’
तिसऱ्या दिवशी तिने मीठ-मिरच्या ओवाळल्या.
चुलीत खाट उठली नाही,
तेव्हा जास्तच घाबरली.

सहा तास मी धक्क्याच्या दगडावर.
आलो तेव्हा पाणी पायरीला लागलेलं,
मग एकेक पायरी कोरडी,
मग कालवं, मग चिखल,
आणि चिखलातून लगबगीने कामाला निघालेले
कुर्ले.
घरी परत जावं असं का वाटलं नाही, ठाऊक नाही.

एकला बाबल्या आला.
होडी लांब, मधल्या पाण्यात.
‘चपला काढा मास्तर,
चिखलातसून येवचा लागतला. येतास मां?’

मी श्वास आत ओढला.

‘दम लागता?’ म्हणाला तो,
आणि हात पुढे केला.