तिसरी पिन

नळदुर्गच्या अलीकडं, हायवेला लागून
बसवंतअण्णाच्या ढाब्यामागं, चिंचेखाली
एक पांढरी गाडी येऊन थांबली.
स्टिअरिंग उलट्या बाजूला, मागं अख्खं घर:
ओटा, पलंग, डब्यात कसलंसं हिरवं रोप.

हॉलंडहून रस्त्यानंच आलेत, अण्णा म्हणाला,
रातच्याला लाइट पाहिजे, बघ बाबा.

म्हातारीच्या हातात केबलची गुबगुबीत चक्री,
टोकाला निळा जबडा, तीन पिनांचा,
आमच्या कुठल्याच बोर्डात न बसणारा.
काप की, अण्णाचा पोऱ्या म्हणाला,
दोन तारा भोकात कोंबू, वर काडी ठोकू.
नाहीतर आकडा हायेच.
म्हातारा हसला. त्याला वाटलं,
आपण स्वागताचं काही बोललो.

मकदूम मिस्त्री म्हणायचे:
फेज सांगून मारतो, न्यूट्रल न सांगता.
अर्थिंग काहीच बोलत नाही,
म्हणून लोक ती लावत नाहीत.
(ते स्वतः गेले साखरेनं, पलंगावर.)

टेस्टर घातला. उजवीकडं अंधार.
डावीकडं लाल.
ज्यानं बोर्ड भरला त्यानं उलटा भरला,
म्हणजे गाडीतलं बटण बंद केलं
तरी तार जागीच.
आणि तिसऱ्या भोकामागं तारच नाही,
कोळ्यानं घर केलेलं.

हे डच भाषेत कसं सांगायचं?
खिळ्यानं मातीत गाडी काढली,
गाडीतून बोर्डापर्यंत रेघ,
दाराशी एक माणूस.
मग माणूस पायानं पुसला.

म्हातारी एकदम खाली बसली.
स्वतःचा हात पुढं केला, बोटं थरथरवून दाखवली,
मग ओल्या केसांवरून हात फिरवला, अनवाणी पाय दाखवला:
कुठंतरी, मागच्या कुठल्यातरी मुक्कामी
नहाऊन आल्यावर दाराच्या कडीनं तिला
झिणझिण्या दिल्या होत्या.
म्हाताऱ्याला हे माहीत नव्हतं.
तो बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला.

चैताची काळी माती. भेगेत पहार आपोआप जाते.
भंगारातला हातपंपाचा पाइप,
भटारखान्यातून खडा मीठ, तंदूरचे कोळसे,
आणि चार बादल्या पाणी. म्हाताराही खणत होता,
टोपी घालून, सावकाश, जणू झाड लावतोय.
फेज आणि पाइप यांच्यात बल्ब धरला:
पिवळा, आजारी.
अजून दोन बादल्या.
मग पांढरा झाला.
अण्णा म्हणाला, पाणी माझं जातंय.

बोर्डातल्या तारा सरळ केल्या. माझ्या पिशवीतलं,
गळती झाली की पडणारं ब्रेकर बसवलं,
टेस्टचं बटण दाबलं: टक.
म्हातारीनं पुन्हा दाबायला लावलं. टक.
केबल मी चक्रीवरच ठेवणार होतो,
तर म्हाताऱ्यानं माझा हात धरला,
सगळी उलगडली, चिंचेभोवती मोकळी पसरली.
गुंडाळलेली तापते. मला ठाऊक होतं,
पण कधी केलं नव्हतं.
आधी गाडीत पिन, मग बोर्डात, बटण सगळ्यात शेवटी.

संध्याकाळी शिवारातल्या मोटारी चालू,
व्होल्टेज एकशे सत्तर. त्यांची किटली रुसून बसली.
अकरानंतर मोटारी बंद पडतात
आणि व्होल्टेज उसळ्या मारतं,
हे सांगायला मला उडी मारून दाखवावी लागली.
त्यांनी झोपायच्या आधी पिन काढली.

सकाळी गेले. पैसे दिले, वर चीजचा तुकडा,
मोज्यासारखा वास येणारा.
महानंदानं तो दाराबाहेर ठेवला.

मी टेस्टर घेऊन आमच्याच बोर्डासमोर उभा राहिलो.
हा मी भरला होता, सतराव्या वर्षी,
पहिलंच काम, मिस्त्री बघायलाही आले नव्हते.
उजवीकडं अंधार.
डावीकडं लाल.

बावीस दिवाळ्या महानंदा
बटण बंद करून, स्टुलावर चढून
ओल्या फडक्यानं बल्ब पुसते.

काय बघताय, तिनं विचारलं.
काही नाही, म्हणालो,
मेन बंद करतोय.
घरात मीठ किती आहे?