दहा ओळी

गायधनी, तुझी बातमी माझ्याकडे आलीय.
दहा ओळी, पान तीन, साडेअकरापर्यंत.

'दुःखद' खोडलं. तूच शिकवलंस,
मेलेला माणूस सरळ लिहावा.
'हरहुन्नरी'ही खोडलं. त्यावर तर तू हसला असतास.

पूर आला की पुलावरून फोनवर ओरडायचास:
दुतोंड्याच्या छातीला पाणी, छातीलाच लिही,
गळ्याला नको, अजून वीतभर आहे!

काल रविवार कारंजापाशी
गाडी स्टँडला लावता लावता खाली बसलास, म्हणे.
हेल्मेट आरशाला तसंच.

आता वय अडलंय.
अठ्ठावन्न की एकोणसाठ?
तीस वर्षांत विचारलंच नाही,
आणि वय न विचारता आलेल्या वार्ताहराला
तू जिन्यातूनच परत धाडायचास.

खात्री करायला नंबर लावला.
तुझाच.
रिंग जातेय.