नखातेबाई

पाटी त्यानंच बांधली गेटला, तारेनं:
विकणे आहे. अंगद कच्छवे. खाली दहा आकडे,
त्यातला सात उन्हानं आता एकासारखा दिसतो.
तुमचा नंबर नको ताई, म्हणाला,
लोक उगं तरास देतेत. मी हाय ना.

चैत्र होता. आता पोळा होऊन गेला.

सव्वीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजला काढली, इथंच, परभणीत.
मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा माझ्या बोटांखाली.
रिंग कुठं वाजतेय ते मला आवाजावरून कळायचं.
कुलूप लावलेल्या घरातली वेगळी,
समोर माणूस बसून नुसता बघत असतो, ती वेगळी.
कुणी मानत नाही. नका मानू.

अंगदची पूर्ण वाजते.
मग ती बाई येते, तेच वाक्य, तोच स्वर.
आमच्या वेळी एवढ्या गोड आवाजाला मेमो मिळाला असता.
मेसेज टाकला तर निळ्या खुणा, अंगठा,
सणावाराला जोडलेले हात.
एकदाच उचलला: येऊलालो ताई, गंगाखेड नाक्यावरच हाय.
तो नाका काही वसमत रोडपर्यंत आला नाही.

शनिवारी मी शेजारच्या शाहेदाचा फोन मागितला.
तिनं कशाला म्हणून विचारलं नाही, भेंडी चिरत राहिली.
मी आवाज वर चढवला, ड्युटीवरचा.
अर्धी रिंगही झाली नाही.

बोला मॅडम!

पाथरीची नखाते बोलतेय, मी म्हटलं,
मुलाला कृषी विद्यापीठात नोकरी लागलीय, घर बघतोय.
(मुलगा तेवढ्यात झाला मला, कळाही न देता.)

आणि अंगद सुटला.
मॅडम, वसमत रोडला एक घर हाय, बघाल तर दुसरं बघणार न्हाई.
बोअरला मे महिन्यातबी पाणी.
सकाळचं ऊन सरळ ओट्यावर येतं,
मालकीणबाईनं खिडकी दीड फूट सरकवून घेतली त्याच्यासाठी,
गवंड्यासंगं भांडून.

हे मी त्याला एकदाच सांगितलं होतं,
तो मान खाली घालून मोबाइल बघत होता तेव्हा.

केवढ्याला?
बावन्न म्हणते बाई. पण एकटी हाय, मॅडम,
गुडघे गेलेत, जिना होईना तिला.
पंचेचाळीसला सोडते. तुम्ही माझ्यावर सोडा.

शाहेदाची सुरी थांबली.

बेचाळीस, मी म्हटलं.
का म्हटलं, अजून कळत नाही.
माझंच घर, आणि मला ते स्वस्तात हवं होतं
त्या खिडकीसकट.

रात्री नऊला माझा फोन वाजला.
पाच महिन्यांत त्यानं आपणहून केलेला पहिला.
ताई, गिऱ्हाईक धरलंय. पाथरीची पार्टी, लई चांगली माणसं.
चाळीस म्हणूलालेत. उतरताव का?

मी ओट्यापाशी उभी. दूध वर यायला लागलेलं.
बेचाळीस म्हटलं होतं त्या बाईनं,
एवढं जिभेवर आलेलं मी गिळलं
आणि गॅस बंद केला.
विचार करते, म्हटलं.

तेव्हापासून शाहेदाचा फोन रोज वाजतो.
सकाळी नळाच्या वेळेला, दुपारी जेवणावर,
काल तर तिची नमाज चालू असताना.
ती कंपाउंडच्या भिंतीवर आणून ठेवते.
उठा लेव ना आपा, म्हणते, बिचारा कब से कर रहा.
माझ्या फोनवर मात्र त्याचा अंगठा.

मी उचलत नाही.
फोन भिंतीवर थरथरत, इंचाइंचानं
कडेकडे सरकत येतो.
पडायच्या आत धरते,
तेवढंच.