बट्टा

कुताइसीच्या बाजारात, लोणच्यांच्या बरण्यांपलीकडे
ओळीने चार खोपटी. प्रत्येकाच्या काचेवर आजचा भाव:
डॉलर, युरो, तुर्की लिरा, रूबल.
रुपया कुठेच नाही. बघायचा म्हणून बघितला, इतकंच.

पहिल्या खिडकीतल्या पोराने नोट उजेडात धरली
आणि दोन बोटांनी परत सरकवली,
नासकं अंडं सरकवावं तशी.
दुसऱ्याने मान हलवली. तिसऱ्याने तीही नाही.
नोट खरी होती. बंदे शंभर डॉलर.
फक्त कोपऱ्यात निळ्या शाईने एक आकडा: ४.

तो दादाचा. बोटीवरून शेवटचा उतरला तेव्हा
चार भावंडांना चार नोटा वाटल्या त्याने,
भांडू नका म्हणून आकडे घालून,
जणू शंभरा-शंभरातही डावं-उजवं असतं.
मी शेंडेफळ. "अडीनडीला मोड," म्हणाला.
बावीस वर्षं तेवढी अडलेच नाही,
किंवा अडले तेव्हा कानातले मोडले, ही नाही.

चौथ्या खिडकीत त्सिउरी.
चष्म्याला दोरी, पुढ्यात सूर्यफुलाच्या बिया.
तिने शाईवर नख घासलं, नोटेचा वास घेतला,
कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला: दोनशे पन्नास लारी.
काचेवर भाव दोनशे सत्तरचा.
मी भुवया उंचावल्या. तिने त्या चारावर बोट टेकवलं.

बट्टा. आमच्याकडे शब्द आहे याला, सांगावंसं वाटलं.
नाणं बदलताना सराफ कापून घ्यायचा तो,
आणि नावाला लागतो तोही. एकच.
पण माझ्याकडे तिच्या भाषेतले तीन शब्द:
नमस्कार, पाव, आभारी.
मी नुसती चार बोटं दाखवली.
"ओत्खी," ती म्हणाली. पुटपुटून पाहिलं. चार.

मग काय वाटलं कोण जाणे,
खण उघडून तिने एक मळका कागद काचेला आतून लावला.
शून्यं मोजताना मी दोनदा चुकले.
"दहा लाख," शेजारचा चीजवाला गिया मोडक्या इंग्रजीत म्हणाला,
"नव्वदच्या सुमाराचे. हिच्या बापाने सकाळी गाय विकली,
संध्याकाळी त्यात बूट येत होता. एक."
त्सिउरी मध्येच काहीतरी बोलली.
"डावा," म्हणते.

अडीचशे घेतले. मोजले नाहीत.
कोपरा वळल्यावर मोजले.
भट्टीच्या भिंतीवरून सोलून काढलेला होडीसारखा पाव घेतला,
परत आलेल्या सुट्ट्यांना पीठ लागलेलं.
मटकीला मोड येतात तेव्हा ती वाढते.
नोटेची मोड आली की
संध्याकाळपर्यंत खिशात नुसती खुळखुळ.

दुसऱ्या दिवशी उगाच त्या बाजूने गेले,
खिडकीत वाकून चार बोटं दाखवली.
त्सिउरीने हात लांबवर उडवला.
"पोतीला गेली," गियाने सांगितलं. "बंदरावरचा माणूस होता.
बोटीवरच्यांना डॉलर लागतात, शाई नाही बघत."

कितीला?
तिने न लाजता कॅल्क्युलेटर फिरवला:
दोनशे एकाहत्तर.
एकवीस लारी, दादाच्या अक्षराचे, हिच्या पदरात.
मला राग यायला हवा होता. हसू आलं,
आधी मला, मग तिला,
गियाला कळलंच नाही कशाचं.

खिडकीच्या फटीतून तिने मूठभर बिया पुढे केल्या.
मी ओंजळ धरली.
चालता चालता फोडत गेले.
तिसरी खवट निघाली.